बागेसमोरचं घर: बाग कोणाची, आणि किती वाजता?

तिसरा_मजला (धागाकर्ती)
सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमची वस्ती एका सार्वजनिक बागेच्या चहूबाजूंनी आहे. मधे बाग, भोवती रस्ता, रस्त्याकडेला तीन-चार मजली जुन्या इमारती, त्यांच्या मागे बैठी घरं. राहणारे बहुतेक हातावर पोट असलेले: गोदामांत माल चढवणारे, बसचालक, रुग्णालयात सफाई करणारे, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका. आमच्या एकट्या जिन्यात पाच भाषा आहेत. कोणालाच दुसऱ्याचं बोलणं धड कळत नाही, त्यामुळे भांडणं फार लांबत नाहीत. (विनोद नाही, अनुभव आहे.)

मी घरी शिलाईकाम करते. यंत्र खिडकीत आहे, खिडकी बागेवर. सात वर्षं पाय यंत्रावर आणि डोळे बागेत, त्यामुळे बागेचा दिनक्रम मला पाठ आहे. पहाटे फेऱ्या मारणारे म्हातारे. आठ-साडेआठला रातपाळी सुटलेले, घरी जाण्याआधी बाकावर टेकतात ते तिथेच झोपतात. दुपारी एकच्या सुमाराला कामवाल्या बायका. सकाळचं काम संपलेलं, संध्याकाळच्या घरांना अजून अवकाश, आणि मधल्या वेळात घरी जाऊन परत यायचं तर सगळा वेळ बसमध्येच जाणार. चपला काढून पाय गवतावर सोडून बसतात. चारला शाळा सुटते, मग पोरं. दिवेलागणीला चेंडू. रात्री जोडपी, आणि घरात जागा नाही म्हणून बागेतल्या दिव्याखाली अभ्यास करणारी मुलं.

गेल्या आठवड्यात फाटकावर सूचना लागली. बागेचं नूतनीकरण होणार. उंच लोखंडी कुंपण, कारंजं, नवे बाक, चेंडूचे खेळ बंद. बाग दुपारी १२ ते ४ देखभालीसाठी बंद, रात्री ९ ला कुलूप. पुढच्या शनिवारी रहिवाशांची बैठक आहे, बोलायला मिळेल असं म्हणतात.

बागेभोवतीच्या अशाच मिश्र वस्तीत राहिलेल्यांनी सांगा: तिथे जाऊन काय मागू? आणि काय मागितलं तर आपल्याच गळ्याशी येईल?

---

चकवा
सोमवार, रात्री १०.५२

कारंजं नको म्हणा. पहिल्या वर्षी उडतं, दुसऱ्या वर्षी डास.

---

सरळसोट
सोमवार, रात्री ११.१५

धागा छान लिहिलाय, पण थोडं कटू बोलतो. मी अशाच बागेसमोर सहा वर्षं काढली. तळमजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरून जे चित्रासारखं दिसतं ते तळमजल्यावर वेगळं दिसतं. रात्री दीडला आरडाओरडा, खिडकीखाली बाटल्या, दोनदा काच फुटली, एकदा माझ्याच फाटकात मला अडवून मोबाइल काढून घेतला. रात्री ९ चं कुलूप ही त्या बैठकीतली एकमेव शहाणी सूचना आहे. ते मान्य करा आणि दुपारचं मागून घ्या.

दुसरं, विविधतेचं कौतुक जरा जपून. आमच्या बागेत सगळे होते, पण प्रत्येक गट आपापल्या कोपऱ्यात. सहा वर्षांत कोपरे बदलले नाहीत.

---

पानगळ
मंगळवार, सकाळी ७.०५

सरळसोट यांचा अनुभव खरा आहे, पण कुलुपाने तो सुटतो का यावर शंका आहे. हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून थोडं विस्ताराने.

बागांबद्दल आपण नेहमी अंतर आणि आकार मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने सुचवलेलं माप प्रसिद्ध आहे: घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा. माप चांगलंच आहे. पण त्यात घड्याळ नाही. ३०० मीटरवर बाग आहे आणि तुम्ही मोकळे असता तेव्हा तिला कुलूप आहे, तर ती तुमच्यासाठी तीन किलोमीटरवर असल्यासारखीच.

शहरांबद्दल लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१च्या पुस्तकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातले चार चौक शेजारी ठेवून पाहिले. शहर आखलं तेव्हा चारही एकाच आराखड्यातले, जवळपास सारख्या आकाराचे. पण नंतर एक गजबजलेला राहिला, एक बेघरांचा झाला, एकाची वाहनांच्या वर्दळीत निव्वळ वाहतूक बेटासारखी गत झाली. फरक झाडांचा किंवा बाकांचा नव्हता. गजबजलेल्या चौकाभोवती वेगवेगळ्या कामाचे, वेगवेगळ्या वेळी मोकळे होणारे लोक होते, म्हणून तो सकाळपासून रात्रीपर्यंत कधी ओस पडत नव्हता. कचेऱ्यांनीच वेढलेल्या चौकात माणसं फक्त जेवणाच्या सुट्टीत येत आणि बाकीचा दिवस तो रिकामा. रिकाम्या बागेत मग कोणीही ठाण मांडतं.

तिसरा_मजला ताई, तुम्ही वर जो दिनक्रम लिहिलाय तो बैठकीतला तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. पाळ्यांमध्ये काम करणारी वस्ती ही बागेसाठी देणगी असते. एकाच वेळेला सगळे मोकळे नसतात, म्हणून एकाच बागेत सगळे मावतात.

---

सरळसोट
मंगळवार, सकाळी ८.२०

पुस्तकातला चौक श्रीमंत वस्तीतला होता की कष्टकऱ्यांच्या?

---

पानगळ
मंगळवार, सकाळी ८.३१

गजबजलेला होता तो बऱ्यापैकी श्रीमंत, हे कबूल. पण त्यांचा मुद्दा पैशाचा नव्हता, येण्याजाण्याच्या वेळांचा होता.

---

खुरपं
मंगळवार, दुपारी १.४५

मी बागेत माळी म्हणून ३१ वर्षं काम केलं, आता निवृत्त. आतल्या बाजूने सांगतो.

दुपारी बंद ठेवायचं कारण ‘देखभाल’ असं लिहितात. खरं कारण बहुतेक वेळा मनुष्यबळ. सकाळची पाळी बाराला संपते, दुसरी चारला सुरू होते, मधे राखणदार नाही, म्हणून कुलूप. भर उन्हात कोणताही माळी झाडांना पाणी घालत नाही, ते पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर. तेव्हा बैठकीत नुसतं ‘दुपारी उघडं ठेवा’ म्हणू नका. ‘पाळ्यांमधला चार तासांचा खंड बुजवायला एक माणूस द्या’ असं म्हणा. अधिकाऱ्याला तक्रार समजत नाही, पद समजतं.

कुंपण. कंबरेएवढं मागा. उंच कुंपण आतल्या माणसाचं रक्षण करत नाही, आतल्या गुंडाचं करतं. बाहेरून दिसत नाही अशा जागी मी सगळे वाईट प्रकार पाहिले आहेत. रस्त्याकडची झुडपं गुडघ्यापर्यंत छाटलेली हवीत, झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर. मधला भाग मोकळा, नजर आरपार गेली पाहिजे. एवढं केलं तर अर्धी राखणदारी रस्त्यावरून जाणारेच करतात.

आणि फाटकं. आमच्या बागेला आधी चार होती. तीन बंद करून एक ठेवलं, ‘नियंत्रणासाठी’. त्या वर्षापासून पलीकडच्या बाजूची वस्ती बागेत यायची थांबली. अर्धा वळसा घालून कोण येतो? लहान मूल कडेवर असलं तर नाहीच.

---

दोन_लेकींची_आई
मंगळवार, रात्री ९.१०

दिवेलागणीला चेंडू असं तुम्ही लिहिलंत. एक विचारते: त्या चेंडूवाल्यांत मुली किती?

आमच्याकडे मोठी लेक नऊ वर्षांची होईपर्यंत रोज बागेत. दहावं लागलं आणि हळूहळू येईनाशी झाली. आम्ही अडवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, ‘आई, तिथे उभं राहायला जागाच नाही.’ अख्खं मैदान मोठ्या मुलांचं, कडेच्या बाकांवर त्यांचे मित्र. मुलगी गेली तर कुठे थांबणार?

---

पानगळ
मंगळवार, रात्री ९.४८

दोन_लेकींची_आई, तुमच्या लेकीने जे सांगितलं ते व्हिएन्ना शहराने १९९०च्या दशकात पाहणी करून शोधलं. तिथेही दहाच्या आसपास वय झालं की मुली बागांमधून दिसेनाशा व्हायच्या, मुलगे राहायचे. मार्गारेटन या दाट वस्तीच्या जिल्ह्यातल्या दोन बागा त्यांनी १९९९ पासून नव्याने आखल्या. मोठ्या मैदानाचे भाग पाडले, वेगवेगळ्या खेळांना जागा दिली, पायवाटा वाढवल्या, उजेड वाढवला. एका मोठ्या चौकोनावर एकच टोळी हक्क सांगू शकते. तोच तुकड्यांत विभागला की दुसऱ्या गटाला शिरायला फट मिळते. मुली परत दिसू लागल्या.

चेंडू बंद करायची गरज नव्हती, हे लक्षात घ्या.

---

रातपाळीवाला
बुधवार, सकाळी ९.२५

आत्ता कामावरून आलो. धागा वाचला, झोप उडाली.

बाकावर झोपणाऱ्यांपैकी मी एक. तुमच्या बागेतला नव्हे, दुसऱ्या कुठल्या. घरी का झोपत नाही? एका खोलीत आम्ही चौघं भाडोत्री, पाळीपाळीने गाद्या वापरतो. माझी गादी अकराला मोकळी होते. नऊ ते अकरा बाग.

नव्या बाकांना मधे लोखंडी दांडे असणार. ते ‘हात टेकायला’ असतात असं सांगतात. माणसाने आडवं होऊ नये म्हणून असतात. लंडनच्या कॅम्डन भागात २०१२ मध्ये काँक्रीटचा एक बाक खास असा बनवला की त्यावर झोपता येत नाही, चाकांच्या फळीवरून (स्केटबोर्ड) घसरता येत नाही, काही लपवता येत नाही. जगभर गाजला तो, म्हणजे बदनाम झाला. काय काय करता येऊ नये याचा विचार करून बनवलेला बाक.

मला दारुडा समजून दोनदा उठवलंय. गणवेश अंगात होता तरी.

---

खुरपं
बुधवार, दुपारी २.००

दादा, तुमचं बरोबर आहे. पण एक सुधारणा. म्हाताऱ्या माणसाला उठताना हाताला आधार लागतोच. माझेच गुडघे आता तसे झालेत. आधार बाकाच्या दोन्ही टोकांना हवा, मधे नको. बैठकीत हे नेमकं असंच सांगावं, नाहीतर ‘ज्येष्ठांची सोय’ म्हणून मधला दांडा गळ्यात मारतील.

---

सरळसोट
बुधवार, दुपारी ४.१२

रातपाळीवाले, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण कुलूप न लावल्याने जे घडतं त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. पुस्तकं सोडा.

---

चकवा
बुधवार, दुपारी ४.१४

दिवा लावा.

---

पानगळ
बुधवार, रात्री ८.३०

चकवा यांनी दोन शब्दांत आटपलं, मी जरा जास्त घेतो.

रात्रीच्या कुलुपाचा एक गाजलेला प्रसंग न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कचा. हीसुद्धा कष्टकऱ्यांच्या, स्थलांतरितांच्या वस्तीतली बाग. जानेवारी १८७४ मध्ये तिथे बेरोजगारांच्या सभेवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. १९८८च्या उन्हाळ्यात रात्री एकनंतर बाग बंद असा नियम लागू केला. कारणं सरळसोट सांगतात तीच: गोंगाट, नशा, बाकांवर झोपणारे. ऑगस्टमध्ये त्याविरुद्ध मोर्चा निघाला आणि रात्रभर पोलिसांची आणि लोकांची मारामारी झाली. पुढे १९९१ मध्ये सगळ्यांना हाकलून बाग दुरुस्तीसाठी बंद केली, वर्षभराने उघडली. तेवढ्या काळात भोवतालची भाडी चढत गेली आणि जुने रहिवासी पांगत गेले. बाग आता शांत आहे. गोंगाटाची तक्रार करणारे आणि गोंगाट करणारे, दोघांपैकी बरेच जण ती शांतता उपभोगायला उरले नाहीत.

उलट बाजूचं उदाहरण फिलाडेल्फियाचं. तिथे संशोधकांनी ५४१ पडीक भूखंड चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटले. काहींवर कचरा काढून गवत लावलं, थोडी झाडं, आणि ठेंगणं लाकडी कुंपण, त्यातून आत यायला वाटा ठेवलेल्या. काही नुसते साफ केले, काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. साफ केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांची भीती कमी झाली, आणि गरीब वस्त्यांत गोळीबाराचे प्रकारही लक्षणीय घटले. फाटक नाही, कुलूप नाही. खुरपंकाकांचं कंबरेएवढं कुंपण म्हणजे जवळपास हेच.

---

सरळसोट
बुधवार, रात्री ९.०२

हे पटण्यासारखं आहे. पण ते छोटे भूखंड होते, बाग नव्हे. तरी दिवा आणि कुंपण यांवर माझं मत बदलायला तयार आहे. तळमजल्यावर राहून दाखवा, हे मात्र मागे घेत नाही.

---

संपादक
बुधवार, रात्री ९.३०

दोन प्रतिसाद काढले आहेत. ‘असले लोक’ ही भाषा इथे चालणार नाही. तळमजल्यावर कोण राहिलं यापेक्षा विषयावर लिहा.

---

भाडोत्री
गुरुवार, सकाळी ११.४०

सगळे बागेत हरवलात. कोणी भाड्याकडे बघणार आहे का?

बाग सुधारली की भाडं वाढतं. आमच्या गल्लीतल्या छोट्या बागेला नवं रूप आलं, उद्घाटनाच्या आधीच घरमालकाने करार नूतनीकरणाला नकार दिला. मी त्या बागेत एकदाही बसलो नाही. बसेपर्यंत घर सोडावं लागलं.

तेव्हा ताई, कमी मागा. दिवा, नळ, स्वच्छतागृह. कारंजं आणि दगडी कमान आली की समजा आपली पाळी.

---

पानगळ
गुरुवार, दुपारी १२.३०

भाडोत्री यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा असू शकतो.

बाग आणि जमिनीचा भाव यांचं लग्न सुरुवातीलाच लागलेलं आहे. इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये उघडलं, सार्वजनिक पैशातून बांधलेली पहिली नागरी बाग म्हणून ते ओळखलं जातं. जोसेफ पॅक्स्टन यांनी आखलेलं. घेतलेल्या जमिनीतला बराच भाग बागेला आणि कडेचे भूखंड घरांसाठी विकायचे, असा तो हिशेब होता. बाग फुकट सगळ्यांना, पण बागेकडे तोंड असलेलं घर ज्याला परवडेल त्याला. ते पाहून प्रभावित झालेले फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे शिल्पकार झाले. त्या बागेसाठी सेनेका व्हिलेज नावाची वस्ती १८५७ मध्ये उठवली. तिथे बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबं होती, आणि त्यातल्या कित्येकांची घरं स्वतःच्या मालकीची होती.

अलीकडचं हाय लाइन सगळ्यांना माहीत आहे, न्यूयॉर्कमधल्या जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरची बाग, २००९ मध्ये उघडलेली. तिच्या संस्थापकांपैकी एकाने नंतर जाहीरपणे कबूल केलं की शेजारच्या गरीब वसाहतींसाठी आपण कमी पडलो. आराखडा कसा हवा हे लोकांना विचारलं, त्यांना गरज कशाची आहे ते विचारलंच नाही.

‘कमी मागा’ या भाडोत्रींच्या सल्ल्यालासुद्धा अभ्यासात नाव आहे: पुरतं एवढंच हिरवं. ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंट या कारखान्यांच्या भागाचा अभ्यास करणाऱ्या दोघींनी २०१२ मध्ये हा विचार मांडला. प्रदूषण काढा, झाडं लावा, पण पर्यटकांना बोलावणारा थाट नको.

मला मात्र तो विचार पूर्ण पटत नाही. गरीब वस्तीने मुद्दाम साधीच बाग का मागावी? वॉशिंग्टनमध्ये नदीवरच्या जुन्या पुलाच्या जागी बाग करायचं ठरलं, तेव्हा बाग बांधण्याच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये, घरांची योजना केली. लोकांच्या सामाईक मालकीची जमीन ठेवणारा न्यास उभा केला, भाडेकरूंना घर घ्यायला मदत सुरू केली. शिकागोत उलटा क्रम झाला. जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरची बाग २०१५ मध्ये उघडली आणि भोवतालची जुनी घरं पाडणाऱ्यांवर जादा आकार बसवायला २०२१ उजाडलं. मधल्या वर्षांत जायचे ते गेले होते.

---

भाडोत्री
गुरुवार, दुपारी १.०५

पटत नसेल तर पटवून घेऊ नका. पण ज्याचा करार अकरा महिन्यांचा आहे त्याला न्यास कधी उभा राहणार याची वाट बघता येत नाही.

---

खुरपं
गुरुवार, दुपारी २.२०

स्वच्छतागृहाबद्दल सगळे विसरताय. भाडोत्रींनी एका शब्दात उल्लेख केला म्हणून आठवलं. दुपारी बसणाऱ्या बायका दिवसभर घराबाहेर असतात. बागेत स्वच्छतागृह असतं, पण बायकांच्या बाजूला कुलूप, कारण सफाई करणारी बाई सकाळीच येऊन जाते. आमच्याकडे एका बाईने मला सांगितलं होतं की ती सकाळपासून पाणी पीत नाही. मी किल्ली दिली. वरिष्ठांनी झापलं, पण किल्ली परत मागितली नाही.

---

दोन_लेकींची_आई
गुरुवार, रात्री १०.००

काका, _/\_

---

बहुभाषी_पाळणा
शुक्रवार, सकाळी १०.१५

वर सरळसोट म्हणाले कोपरे सहा वर्षं तसेच राहिले. त्यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

कोपरे असणारच, आणि असू देत. दिवसभर परक्या भाषेत हुकूम ऐकलेल्या माणसाला संध्याकाळी आपल्या बोलीत बडबड करायची असते. त्याने तिथेही ‘मिसळावं’ ही अपेक्षा मला जाचक वाटते. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की वेगळ्या माणसांचं नुसतं समोरासमोर येणं पुरत नाही. दोघांची पायरी सारखी हवी, काहीतरी मिळून करायला हवं, आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. बागेत पायरी सारखी असते, बाकाला पगार विचारायचा नसतो. मिळून करायचं काहीतरी मात्र लागतं.

आमच्याकडे ते काम झोक्याने केलं. तीन झोके, त्यातला एक तुटलेला, आणि रांगेत वीसेक पोरं. आयांना एकमेकींची भाषा येत नव्हती, तेव्हा नियम पोरांनी बसवला: पन्नास हेलकावे, मग पुढचा. मोजायचं सगळ्यांनी, ज्याच्या त्याच्या भाषेत. माझा मुलगा तीन भाषांत पन्नासपर्यंत मोजतो, त्यापुढे एकीतही नीट येत नाही. झोका दुरुस्त करून घ्यायला पहिल्यांदा आम्ही आया एकत्र गेलो. दुरुस्त झाल्यावर भेटी कमी झाल्या, हेही खरं.

तयार मिसळण असलेल्या बागा मात्र मला थोड्या बेगडी वाटतात. कोपनहेगनच्या नॉरब्रो या मिश्र वस्तीत २०१२ मध्ये सुपरकिलेन नावाची बाग केली. ५०हून अधिक देशांतले बाक, झोके, दिवे, कारंजी आणून मांडली. रहिवाशांना विचारून वस्तू निवडल्या हे चांगलंच. छायाचित्रं सुंदर येतात. पण माझ्या देशाचा बाक आणून ठेवला म्हणून मी तुमच्याशी बोलेन असं नाही. बाक तुटला तर बोलेन.

---

सरळसोट
शुक्रवार, सकाळी ११.००

शेवटच्या दोन वाक्यांना +१.

---

पानगळ
शुक्रवार, दुपारी ३.४०

एक काळी बाजू राहिली. कुलूप नेहमी वरूनच येतं असं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९३६च्या उन्हाळ्यात एका मागोमाग ११ भव्य सार्वजनिक जलतरण तलाव उघडले, बहुतेक कष्टकरी वस्त्यांच्या बागांमध्ये. त्यातला मॅक्कॅरन पार्कचा तलाव १९८४ मध्ये बंद झाला. दुरुस्ती व्हायची होती, पण स्थानिकांपैकीच काहींनी ती अडवली. बाहेरची पोरं येतात, वेगळ्या वर्णाची येतात, ही त्यामागची एक भीती होती. तलाव २०१२ पर्यंत कोरडा राहिला. अडवणाऱ्यांची स्वतःची मुलंही तोवर पोहायचं वय ओलांडून गेली.

ताई, बैठकीत ‘बाहेरच्यांना बंदी’ अशी सूचना कोणीतरी मांडणारच. तयारीने जा. आणि एक सुचवतो. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात छोट्या चौकांवर कॅमेरे लावून कोण कधी कुठे बसतं ते नुसतं मोजलं. त्या मोजणीच्या जोरावर न्यूयॉर्कने मोकळ्या चौकांत बसायला जागा ठेवण्याचे नियम बदलले. तुमच्याकडे कॅमेरा नाही, पण खिडकी आहे. एक दिवस दर तासाला मोजून बघा. मत खोडता येतं, वहीतलं पान खोडायला वेळ लागतो.

---

तिसरा_मजला (धागाकर्ती)
रविवार, सकाळी ८.००

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही, राग मानू नका. काल मोजणी केली, पण शनिवार असल्यामुळे तिचा उपयोग नाही हे दुपारी लक्षात आलं. उद्या परत करते. जिन्यातली दोन मुलं तयार आहेत, मी शिलाई करताना ती लिहितील. वहीला चार रकाने: बायका, पुरुष, पोरं, म्हातारे. झोपलेल्यांना वेगळा रकाना करावा का?

---

रातपाळीवाला
रविवार, सकाळी ९.३०

करा. पण त्याचं नाव ‘झोपलेले’ नको. ‘कामावरून आलेले’ लिहा.

---

तिसरा_मजला (धागाकर्ती)
पुढचा रविवार, दुपारी १२.५०

काल बैठक झाली.

आधी वहीबद्दल. आठवडाभर मोजलं. माझी पैज होती की संध्याकाळचं पान सगळ्यात भरलेलं असणार. संध्याकाळी दिसतात जास्त, कारण पोरं धावत असतात आणि आवाज असतो. पण बायकांचा रकाना सगळ्यात भरलेला निघाला तो दुपारी एक ते साडेतीन, म्हणजे नेमका ज्या वेळेला कुलूप लावणार होते तो. सात वर्षं खिडकीत बसून मला हे कळलं नव्हतं, कारण त्या बायका हलत नाहीत, बोलत नाहीत, झाडाखाली बसून राहतात.

ते पान वाचून दाखवलं. अधिकारी म्हणाले देखभालीला वेळ लागतो. मी खुरपंकाकांचं वाक्य जसंच्या तसं टाकलं: दोन पाळ्यांमधला चार तासांचा खंड बुजवायला एक माणूस द्या. ते थोडा वेळ गप्प बसले, मग त्यांनी लिहून घेतलं.

मिळालं ते सांगते. दुपारचं कुलूप सहा महिन्यांसाठी स्थगित. बाकांचे आधार टोकांना. चारपैकी तीन फाटकं राहणार. बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे ठेवायची यावर अर्धा तास वाद झाला, ठरलं नाही. कुंपण उंचच येणार, त्याची निविदा आधीच निघाली आहे. रात्रीचं कुलूप नऊऐवजी साडेदहाला. सरळसोट, तळमजल्यावरचे दोघं तुमच्यासारखंच बोलले. त्यांचं ऐकून मी अकराची साडेदहा केली, कारण त्यांच्याही खिडक्या बागेवरच आहेत. चेंडूचं मैदान दोन भागांत करायचं तत्त्वतः मान्य. मुलींचा मुद्दा मी मांडल्यावर मागून एक बाई उठून माझ्यापेक्षा चांगलं बोलल्या. त्यांची भाषा मला येत नाही, शेजारणीने सांगितलं काय म्हणाल्या ते.

‘बाहेरच्यांना बंदी’ची सूचना आलीच. ज्यांनी मांडली ते आमच्याच जिन्यातले. त्यांना विचारलं, बाहेरचे म्हणजे कोण, दुपारी बसणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी पलीकडच्या वस्तीतून येतात. ते म्हणाले, ‘त्या नव्हेत हो.’ मग कोण, ते त्यांना सांगता येईना.

भाड्याचा विषय काढला तर तो या बैठकीच्या कक्षेत नाही असं उत्तर मिळालं.

---

भाडोत्री
रविवार, दुपारी १.२०

अपेक्षित. तुमचा करार कधी संपतो?

---

तिसरा_मजला (धागाकर्ती)
रविवार, दुपारी १.२६

मार्चमध्ये. काल घरमालकही बैठकीत होते. कारंज्याच्या बाजूने बोलले.

---

चकवा
रविवार, दुपारी १.२८

सांगितलं होतं.

---

खुरपं
रविवार, दुपारी २.१०

किल्ली दुपारच्या बायकांपैकीच एकीकडे द्या. आळीपाळीने, वहीत सही करून. आणि मोजणी थांबवू नका, सहा महिन्यांनी स्थगिती उठवायला येतील तेव्हा परत लागेल.

---

तिसरा_मजला (धागाकर्ती)
रविवार, दुपारी २.१५

चालू आहे काका. आत्ता झाडाखाली अकरा जणी आहेत.